न आलेला फोन

म्युरिएल या वेळी स्वतःची गाडी घेऊन आली, तेव्हाच विनिफ्रेडला कळलं की आज जेवणाच्या टेबलावर भांडण होणार.

एरवी तिची नणंद लंडनहून आगगाडीने यायची. आगगाडीने आलेल्या माणसाला परत स्टेशनवर सोडायला कुणीतरी लागतं, म्हणून त्याला सगळ्यांशी जरा गोडीने राहावं लागतं. गाडी दारात उभी असली की माणूस शेवटच्या गोड पुडिंगच्या आधीही उठून जाऊ शकतो.

"रस्ता मोकळा होता का?" विनिफ्रेडने दार उघडत विचारलं.

"मोकळा होता. मीच सावकाश आले," म्युरिएल म्हणाली आणि हातातला केक पुढे केला. "दुकानातला आहे. घरी केलाय असं सांगायचं माझं वय गेलं."

चौऱ्याहत्तर वर्षांची म्युरिएल ऑर्मरॉड एकेकाळी 'एल्डरशॉ डिस्पॅच' या वर्तमानपत्राची संपादक होती. गेली अकरा वर्षं ती संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहात बसत होती, कुठल्याच पक्षात नसलेल्यांच्या बाकावर. घरात तिला त्याबद्दल कुणी फारसा मान देत नसे. तिचा भाऊ सिरिल, म्हणजे विनिफ्रेडचा नवरा, होता तोवर तिला 'महाराणी' म्हणायचा. त्याच्या मागे ते नाव त्याच्या मुलीने, हेस्टरने, उचललं होतं.

मदरिंग संडे, म्हणजे मुलांनी आईला भेटायला यायचा रविवार होता. हेस्टर ब्रिस्टलहून डॅफोडिलच्या फुलांचा एवढा मोठा जुडगा घेऊन आली होती की तो बादलीतच ठेवावा लागला. एडमंड, विनिफ्रेडचा मोठा मुलगा, चाकूला धार लावत होता. त्याची बायको आज तिच्या स्वतःच्या आईकडे गेली होती. त्यांची मुलगी टेसा मात्र इथेच जेवायला थांबली होती. ती 'डिस्पॅच'मध्ये चार वर्षं बातमीदार होती आणि आजीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायची.

'डिस्पॅच'चे मालक म्हणजे हे चौघेच: विनिफ्रेड, तिची दोन मुलं आणि म्युरिएल. कंपनी एडमंड चालवायचा. गेले एकोणीस महिने तो एकाच कामात बुडाला होता. दूरच्या एका राजाच्या सरकारी निधीला 'डिस्पॅच' विकायचा होता. चौघांच्या सह्या झाल्या होत्या. म्युरिएलचीही झाली होती. तिने ती सर्वांत शेवटी केली, आणि सही करताना चष्मा पुसायला फार वेळ घेतला, एवढंच विनिफ्रेडला आठवत होतं. आता फक्त सरकारचा होकार यायचा बाकी होता.

यॉर्कशर पुडिंग, म्हणजे भट्टीत फुगवलेल्या पिठाच्या बिनगोड वाट्या, रश्श्याबरोबर आधी वाढली गेली, कारण या घरात ती मटणाबरोबर वाढणं म्हणजे दक्षिणेकडच्यांची अडाणी सवय समजली जाई. सगळ्यांची ताटं रिकामी होईपर्यंत म्युरिएल थांबली. मग रुमालाची घडी घालत म्हणाली, "बुधवारी मी सभागृहात बोलणार आहे. दुरुस्ती येतेय. मी तिच्या बाजूने बोलणार. तुम्हाला पेपरात वाचायला नको म्हणून आज सांगतेय."

"कसली दुरुस्ती?" हेस्टरने विचारलं, पण एडमंडचा हात चाकूवर थांबला होता.

"परक्या सरकारला आपल्याकडची वर्तमानपत्रं विकत घेता येऊ नयेत, ती," तो म्हणाला. "आपला व्यवहार मोडणारी."

"अगं आत्या!" हेस्टर ओरडलीच. "तुझी सही आहे त्या कागदावर!"

"आहे. आणि बुधवारी उठून पहिलं वाक्य मी तेच बोलणार. या व्यवहारात माझा हिस्सा आहे, तो झाला तर मला फायदा आहे, मोडला तर तोटा आहे. तसं सांगायचा नियम आहे, आणि नसता तरी सांगितलं असतं."

"म्हणजे स्वतःचा तोटा करून घेणार, आणि सोबत आमचाही. वा, महाराणी! तुझं काय जातंय? तुला लाल झगा आहे, बसायला मऊ बाक आहे. एडमंडला रोज सकाळी 'डिस्पॅच'मधल्या एकशे चाळीस माणसांच्या डोळ्यांत बघावं लागतं."

"हेस्टर," विनिफ्रेड म्हणाली, "बटाटे फिरव."

बटाटे फिरले. एडमंडने मटण कापायला घेतलं. तो चिडला की हळू बोलायचा, लहानपणापासून तसाच.

"आत्या, मला एकच सांग. दुसरं गिऱ्हाईक आहे तुझ्याकडे? मी अकरा दारं ठोठावली. जे आले त्यांना इमारत हवी होती, 'डिस्पॅच' नको होता. हे लोक नवं छपाईयंत्र देतायत. पाच वर्षं एकाही माणसाला काढणार नाही असं लिहून देतायत."

"लिहून देणारा माणूस असता तर प्रश्न नव्हता. माणसावर कोर्टात जाता येतं. हे राज्य आहे, एडमंड. त्याच्याकडे सैन्य आहे, वकिलात आहे, तुरुंग आहेत. त्या तुरुंगांत आपल्याच धंद्यातली माणसं आहेत."

"लंडनमधली अर्धी हॉटेलं त्यांची आहेत. फुटबॉलचा संघ घेतला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"हॉटेलात झोपायला जातात. पेपर उठल्यावर वाचतात."

विनिफ्रेडला हसू आलं, ते तिने पुदिन्याच्या चटणीच्या वाडग्यामागे लपवलं.

"आणि आत्ता कायदा नाही असं नाही," एडमंडने सोडलं नाही. "मंत्र्याला हवं तर तो आजही व्यवहार अडवू शकतो. अहवाल मागवू शकतो. मग हे नवं कशाला?"

"कारण 'हवं तर' या दोन शब्दांत सगळी गोम आहे. मंत्री अहवाल मागवणार. दोन खाती सहा महिने कागद चाळणार. त्या सहा महिन्यांत त्याच मंत्रिमंडळातला दुसरा कुणी त्याच राजाकडे पवनचक्क्यांसाठी पैसे मागायला गेलेला असणार. मग मंत्र्याने काय ठरवावं? आम्ही म्हणतोय, त्याच्या मर्जीवर ठेवूच नका. कंपन्यांच्या खरेदीचा, विलीनीकरणाचा जो कायदा आहे त्यातच लिहा. परक्या सरकारच्या हातात वर्तमानपत्र जात असेल तर व्यवहार नाही. मंत्र्याने फक्त तो कायदा वाचून दाखवायचा."

"मग सरळ वर्तमानपत्रांचा कायदा करा. व्यापाराच्या कायद्यात हे का कोंबता?"

म्युरिएलने काटा खाली ठेवला. हा प्रश्न तिला आवडला, हे विनिफ्रेडने ओळखलं. सिरिल असाच प्रश्न विचारायचा.

"वर्तमानपत्रांचा कायदा केला की उद्या आपलंच सरकार त्यात आणखी एक कलम घालेल, परवा आणखी एक. काय छापावं, यात सरकारने नाक खुपसायचं नाही. दारातून कोण आत येणार एवढं कायद्याने बघावं. आत चुलीवर काय शिजतंय ते विचारू नये."

"भाषण तयार आहे तर," हेस्टर म्हणाली. "पण एक नक्की सांगते. या लोकांनी आजवर एका शब्दानेही आपल्याला काही सांगितलेलं नाही. हे छापा, ते छापू नका, काही नाही. एडमंड, आला होता का कधी फोन?"

"नाही," एडमंड म्हणाला. "एकदाही नाही."

तेव्हा टेसा बोलली. जेवण सुरू झाल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि आता उघडलं तेही ताटाकडे पाहत.

"पान सतरा."

"काय?" हेस्टरने विचारलं.

"माझी लारची बातमी. पान सतरावर आली. कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या जाहिरातीखाली."

लार ही गावाची नदी. टेसाची बातमी विनिफ्रेडने वाचली होती. भिंगाने वाचावी लागली इतकी ती छोटी होती. गावाबाहेरच्या रंगकारखान्यातून पाणी सुटलं आणि तीन मैलांवरचे ट्राउट मासे पोटं वर करून तरंगायला लागले. टेसा पाच आठवडे त्यामागे होती. तिने पाण्याच्या बाटल्या स्वतः भरून तपासायला पाठवल्या होत्या.

"जागा नसेल," हेस्टर म्हणाली. "होतं असं."

"हेस्टर आत्या, तो कारखाना तीन वर्षांपूर्वी कुणी घेतला माहीत आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. त्याच निधीने.

"संपादकाने हलवली असेल," विनिफ्रेड म्हणाली. "नवा आहे तो. घाबरट वाटतो."

"नाही, आजी. त्याने पहिल्या पानावर लावली होती. मी पान पाहिलं होतं, मथळ्यासकट. संध्याकाळी परत पाहिलं तर तिथे बसस्थानकाचं रंगकाम होतं."

आता सगळे एडमंडकडे पाहत होते. त्याने चाकू ताटाच्या कडेला ठेवला, नीट, सरळ रेषेत.

"मी हलवली," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला?" म्युरिएलने विचारलं.

"कुणीही नाही."

"चिठ्ठी? कुणाकरवी निरोप? कुणाच्या पार्टीत सहज काढलेला विषय?"

"नाही म्हणतोय ना! कुणीही नाही. मी पान पाहिलं. मला वाटलं, सरकारचा होकार यायचाय, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, उगाच कशाला... मीच. माझा मी." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की हेस्टरला पुढे वाकावं लागलं. "बातमी काढली नाही मी. फक्त हलवली."

हेस्टर पाणी प्याली. टेसाच्या डोळ्यांत पाणी होतं; पण ते रागाचं नव्हतं. बापाला असं कोपऱ्यात उभं केल्याचं तिलाच सोसत नव्हतं.

विनिफ्रेड ऑर्मरॉडने आयुष्यात 'डिस्पॅच'च्या कामात कधी लक्ष घातलं नव्हतं. नवऱ्याने आणलेले कागद ती स्वयंपाकघरात सही करून परत द्यायची. त्या टेबलावर सर्वांत जास्त मालकी तिची होती, आणि ती गोष्ट ती स्वतःही विसरायची. पण मुलाला ती ओळखत होती.

"फोन आला असता तर तू काय केलं असतंस, एडी?" तिने विचारलं. तिने त्याला एडी म्हटल्याला कित्येक वर्षं झाली होती.

"काय?"

"कुणी फोन करून म्हणालं असतं, ही बातमी मागे टाक. तर?"

एडमंडने विचार केला. "फोन आपटला असता."

"आपटलाच असतास. आणि बातमी पहिल्या पानावर दुप्पट मोठी केली असतीस. तुझा बापही तसाच होता." विनिफ्रेडने त्याच्या हातावर हात ठेवला. "फोन आलाच नाही, म्हणून तुला 'नाही' म्हणायला जागाच उरली नाही, बाळा. समोर कुणी असलं तर माणूस भांडतो. तू कुणाशी भांडणार होतास?"

म्युरिएलने भावजयीकडे पाहिलं. पन्नासहून जास्त वर्षं ती या बाईला मटण भाजणारी आणि बटाटे फिरवणारी समजत आली होती. तीन आठवडे ग्रंथालयात बसून जे वाक्य तिला सापडलं नव्हतं, ते या टेबलावर रश्श्याच्या भांड्यापलीकडून आलं होतं.

*

गोड पुडिंग झालं तरी म्युरिएल गेली नाही. ती भांडी पुसायला उभी राहिली आणि एडमंड धुवायला. तो गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. लहानपणी त्याला शिक्षा म्हणून हेच काम मिळायचं, आणि ते त्याला मनातून आवडायचं.

"मी ते बुधवारी सांगणार नाही," म्युरिएल म्हणाली. "पान सतराचं. घरच्या टेबलावरचं बोलणं मी सभागृहात नेत नाही. तुला काळजी वाटत असेल म्हणून सांगितलं."

"मला वाटलंच होतं की तू नेणार नाहीस."

"मग तोंड असं का केलंयस?"

एडमंडने एक ताट दोनदा धुतलं. "आत्या, तुझ्याकडे पुरावा काय आहे? बुधवारसाठी?"

"दुसऱ्या देशांतली उदाहरणं आहेत. आकडे आहेत. तत्त्व आहे."

"आणि मंत्री काय म्हणणार?"

"म्हणणार, त्या निधीने लेखी हमी दिलीय की संपादकांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. आणि आजवर केल्याचं एकही उदाहरण नाही."

"ते खरंच आहे. त्यांनी केलेलीच नाही."

"हो ना," म्युरिएल म्हणाली आणि ते ताट त्याच्या हातातून काढून घेतलं.

सोमवारी सकाळी एडमंड कचेरीत गेला आणि संपादकाला म्हणाला की लारची बातमी पुन्हा घ्यायची, पहिल्या पानावर, टेसाने त्यानंतर जमवलेल्या सगळ्या माहितीसकट. संपादकाने विचारलं, "नक्की?" एडमंड म्हणाला, "तू पहिल्या वेळीच बरोबर होतास. तेव्हा मला तसं ठणकावायला हवं होतंस." संपादक म्हणाला, "मालकांना ठणकावायला मला इथे येऊन सातच महिने झालेत, साहेब." दोघेही हसले, पण जरा ओशाळूनच.

मंगळवारी अंक निघाला. मेलेल्या माशांचं चित्र पानभर होतं. गावातल्या पेपरवाल्यांकडे दुपारी एकही प्रत शिल्लक नव्हती.

त्या दिवशी एडमंडने पाच बैठका घेतल्या, आणि पाचही बैठकांत तो टेबलावरच्या फोनकडे पाहत राहिला. लंडनमधला निधीचा माणूस सभ्य होता. ख्रिसमसला खजूर पाठवायचा. तो आज काय म्हणेल? चिडेल? नाही. कदाचित म्हणेल, चांगलं काम केलंत. कदाचित नुसतंच हवापाण्याचं बोलेल. चार वाजले, पाच वाजले. फोन वाजला नाही. साडेपाचला एडमंडच्या लक्षात आलं की आपण उद्याच्या पानांचा कच्चा आराखडा मागवलाय आणि दुसऱ्या पानावरच्या कारखान्याच्या पुढच्या बातमीवर आपली पेन्सिल फिरतेय. मथळ्यातला 'विष' हा शब्द 'रसायन' केला तर? खरं तर 'रसायन' जास्त अचूक होतं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. या घडीला तो त्या निधीचा नोकर नव्हता, त्याने निधीकडून एक पैसा घेतला नव्हता. तरी हात आपोआप चालला होता. उद्या ते खरोखर मालक झाले, तर या हाताचं काय होईल? आणि खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक हाताचं?

त्याने कंपनीच्या नावाचा कागद घेतला आणि लिहायला बसला.

*

लॉर्ड्सच्या दरवाजाशी बुधवारी दुपारी दोनला म्युरिएलला निरोप आला की कुणी पाहुणा भेटायला थांबलाय. ती बाहेर आली तर एडमंड, ओल्या कोटात, हातात लिफाफा.

"तू इथे? बैठक आहे म्हणालास ना आज?"

"हीच." त्याने लिफाफा दिला. "वाच. सावकाश वाच, अक्षर वाईट आहे."

तिने उभ्या उभ्या वाचलं. एक पान होतं. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"हे मी वाचून दाखवू? सगळ्यांसमोर?"

"हो."

"नाव न घेता सांगता येईल. 'एका वर्तमानपत्राचा चालक' म्हणते."

"नाव घेतलं नाहीस तर ती ऐकीव गोष्ट होईल, आत्या. घेतलंस तर साक्ष होईल. हे मला तूच शिकवलंस. बावीस वर्षांचा होतो, आणि माझी पहिली बातमी तू याच कारणासाठी टोपलीत टाकली होतीस."

"टोपलीत टाकली होती, कारण ती भिकार होती," म्युरिएल म्हणाली. तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, उगाचच. "एडमंड, एकोणीस महिने. तुझं काम. हेस्टर तुझ्याशी बोलणार नाही."

"काल रात्री बोलली. तासभर. त्यातली चाळीस मिनिटं शिव्या होत्या." तो जरा हसला. "शेवटी म्हणाली, लिहितोच आहेस तर निदान व्याकरण तरी तपास."

म्युरिएलची पाळी साडेचारला आली. तोवर मंत्र्याने आपलं म्हणणं मांडलं होतं आणि ते तिने भाकीत केल्याबरहुकूम होतं. सध्याचे अधिकार पुरेसे आहेत. हमी लेखी आहे. ढवळाढवळीचं एकही उदाहरण नाही.

ती उठली. समोरचे बाक भरलेले होते. एरवी या वेळेला अर्धे सदस्य चहाला गेलेले असत. तिने आधी आपला हिस्सा सांगितला, आपली सही सांगितली, व्यवहार मोडला तर आपल्या घराचा होणारा तोटा सांगितला. पलीकडच्या बाकावर कुणीतरी मान वर केली. मग ती म्हणाली:

"माननीय मंत्री म्हणतात, ढवळाढवळीचं उदाहरण नाही. ते बरोबर बोलतात. माझ्याजवळ एक पत्र आहे. लिहिणाऱ्याच्या परवानगीने, त्याच्या नावासकट वाचते. तो माझा भाचा आहे, एडमंड ऑर्मरॉड. 'एल्डरशॉ डिस्पॅच' चालवतो."

वर प्रेक्षकांच्या सज्जात एडमंडने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"'मी एक खरी बातमी पहिल्या पानावरून सतराव्या पानावर नेली,'" म्युरिएलने वाचलं. "'ती आमच्या होऊ घातलेल्या मालकांना अडचणीची होती. त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. कुणीही सांगितलं नव्हतं. माझी आई म्हणते, फोन आला असता तर मी नाही म्हणालो असतो. ती बरोबर बोलते. मी भित्रा माणूस नाही, असं मला वाटत होतं, आणि अजूनही बहुतेक दिवशी वाटतं. पण न आलेल्या फोनला नाही म्हणता येत नाही. कुठलीही हमी मला यापासून वाचवू शकणार नाही, कारण हमी मोडायला आधी कुणीतरी काहीतरी करावं लागतं. इथे कुणीच काही केलं नाही. माझ्यासारख्या माणसाच्या धाडसावर हे सोपवू नका. दारच बंद करा. या व्यवहाराची मी एकोणीस महिने वाट पाहिली आहे, आणि माझी विनंती आहे की तो होऊ देऊ नका.'"

तिने कागद दुमडला. आणखी चार पानांचं भाषण तिच्यासमोर होतं. त्यात आकडे होते, दुसरे देश होते, मेहनत होती. तिने ते उचललं नाही.

"मला एवढंच सांगायचं होतं," ती म्हणाली आणि बसली.

त्या सभागृहात टाळ्या वाजवत नाहीत. एक घरघर उठते, घशातल्या घशात, आणि ती बाकाबाकावरून पसरत जाते. एडमंडला आधी ते कळलंच नाही. त्याला वाटलं, लोक रागावलेत. शेजारी बसलेली अनोळखी बाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "हे चांगलं असतं हो," तेव्हा त्याने श्वास सोडला.

मंत्री पुन्हा उठला. त्याने शेजाऱ्याशी कुजबुज केली, एक चिठ्ठी घेतली, एक परत दिली. मग म्हणाला की सभागृहाचा कल त्याने ऐकला आहे, आणि सरकार या दुरुस्तीला विरोध करणार नाही.

तिथल्या जुन्या प्रथेप्रमाणे लोकरीच्या गादीवर बसलेल्या अध्यक्षांनी विचारलं, संमती असेल त्यांनी 'राजी' म्हणावं. "राजी!" चारी बाजूंनी आवाज आला. विरोध असेल त्यांनी 'नाराज' म्हणावं. सभागृह शांत राहिलं. त्या तीन-चार क्षणांच्या शांततेत एडमंडचा एकोणीस महिन्यांचा व्यवहार संपला. त्याला वाईट वाटलं. छपाईयंत्राचं चित्र त्याने कचेरीत भिंतीवर लावलं होतं. पण ती शांतता कुणी मोडू नये, असंही त्याला वाटत होतं.

*

म्युरिएल बाहेर आली.

"घरी कळवलंस?"

"आईला केला फोन. ती म्हणाली, 'बरं झालं. जेवलास का?'" एडमंड म्हणाला. "उद्या सकाळी आठला छापखान्यात सगळ्यांना बोलावलंय. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"मी येते."

"तुझी उद्या समिती आहे."

"माझ्यावाचून करतील. मंत्र्यासमोर उभं राहायला इथे पुष्कळ आहेत. तुझ्या शेजारी उभं राहायला तुला दुसरी आत्या नाही."

गुरुवारी आठला छापखान्यात चौघे उभे होते. विनिफ्रेड टेसाच्या हाताला धरून आली होती. नवरा गेल्यापासून ती इथे आली नव्हती, आणि तिने चर्चला जातानाचा कोट घातला होता. हेस्टर आदल्या संध्याकाळीच ब्रिस्टलहून निघाली होती. "मी अजून चिडलेलीच आहे," तिने भावाला सांगितलं आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली. म्युरिएल डाव्या हाताला. टेसा मात्र समोर गेली, बाकीच्या कामगारांत.

एडमंडने काही लपवलं नाही. व्यवहार मोडला. तो मोडावा असं त्याने स्वतः लिहून दिलं होतं, आणि का, तेही सांगितलं. नवं यंत्र येणार नाही. पुढचं वर्ष कठीण जाईल. कदाचित रोजचा अंक आठवड्यातून तीनदा काढावा लागेल, कदाचित काही माणसं कमी होतील. त्यांतल्या प्रत्येकाला तो स्वतः भेटेल, चिठ्ठी पाठवणार नाही. पेपर गावातल्याच एखाद्या विश्वस्त मंडळाकडे देता येईल का, ते चौघे मिळून पाहणार आहेत. टेसाची पान सतराची गोष्ट सांगताना तो अडखळला, पण थांबला नाही.

मागे कुणीतरी नाक शिंकरलं. बांधणी विभागातल्या दोन बायका एकमेकींकडे पाहत होत्या. दोघींची घरं हप्त्यांवर होती, हे एडमंडला ठाऊक होतं, आणि त्याने त्यांच्यावरून नजर वळवली नाही.

शेवटी यंत्रावरचा नॉर्मन बोलला. तो सिरिलच्या काळापासून इथे होता, आणि सभेत बोलायचं झालं की शाळेतल्यासारखा हात वर करायचा.

"म्हणजे साहेब, आता मालक कोण?"

एडमंडने आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.

"अजून आम्हीच," तो म्हणाला. "जरा चालवून घ्या."

नॉर्मनने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि यंत्राकडे वळला.

"चालवतोच आहे की," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली."